पावती सासऱ्यांच्या नावावर, सही आमची मागतात

प्रश्न : लालबागला 1940 आधीच्या उपकरप्राप्त (दुरुस्ती-उपकर भरणाऱ्या) चाळीत आमची 160 चौरस फुटांची खोली आहे. भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर. 2009 मध्ये ते वारले, तेव्हा आम्ही सोबतच राहत होतो. बिल्डरचा माणूस म्हणतो, संमतिपत्रावर सही करा, 11 महिन्यांच्या भाड्याचा चेक घ्या, खोली सोडा. डोंबिवलीचे दीर मृत्युपत्र दाखवून निम्मा हिस्सा मागतात. काय करावं?

उत्तर : ताई, आधी दिरांचं बघू. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच सांगितलंय. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 7(15) प्रमाणे मृत्यूसमयी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क पहिला, म्हणजे तुमच्या यजमानांचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत रेशनकार्डाच्या मागच्या पानावर 2009 चे रॉकेलचे शिक्के दिसतात. सोबत राहत होतात याचा तो पुरावा, ते कार्ड जिवापाड जपा. पावती यजमानांच्या नावे करायला मालकाला आजच लेखी अर्ज द्या. तो पैसे मागेल. पागडी, म्हणजे भाडेहक्क, दुसऱ्याला विकताना मालकाचा वाटा असतो. वारसाहक्काला तो लागत नाही.

आता सही. नुसतं अडून बसू नका. जुन्या उपकरप्राप्त चाळींच्या पुनर्विकासाचा विकास नियंत्रण नियमावलीतला नियम म्हणजे 33(7). त्याखाली 51 टक्के भाडेकरूंची संमती पुरते. म्हाडाचं ना-हरकत मिळालं की म्हाडा कायद्याच्या कलम 95-अ खाली अडणाऱ्यांना बाहेर काढता येतं. पण संमतिपत्र म्हणजे करार नव्हे. चावी द्यायची ती पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत झाल्यावरच. त्यात किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्र (कार्पेट एरिया), मालकी हक्काने व विनामूल्य, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंतचं भाडं, शक्यतो बँक हमीसह. 11 महिन्यांत लालबागला टॉवर उभा राहिलेला मी तरी पाहिलेला नाही.

मला खरी भीती पुढची वाटते. लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा दरमहाचा देखभालखर्च न झेपल्याने नवं घर भाड्याने देऊन बदलापूर गाठलेले अशील माझ्याकडे आहेत. घरावरचा त्यांचा हक्क शाबूत आहे, राहतात मात्र बदलापुरात. म्हणून कॉर्पस फंड (देखभालीसाठी बिल्डरने द्यायची ठेव) किती, बिल्डर बाहेर विकणार त्या इमारतीचा खर्च तुमच्यावर येणार का, हे करारातच हवं. रविवारी चाळीची बैठक आहे म्हणता. आकडा तिथेच विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.