वाचक विचारतात : जुन्या घरातला तो वास येतो कुठून?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं घर बरंच जुनं आहे, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. गेले काही महिने मागच्या खोलीत एक घाण वास येतो. रोज नाही येत. कधी सडक्या अंड्यासारखा, तर कधी ओलं फडकं तसंच पडून राहिलं की येतो ना तसा. उंदीर मेला असेल म्हणून कपाटं ओढून बघितली, माळा रिकामा केला, फिनाइलने फरशी पुसली, रूम फ्रेशनरचे डबे संपवले, काही उपयोग नाही. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी जास्त जाणवतो आणि बाहेरगावाहून आलं की दार उघडल्या उघडल्या भपकन येतो. मिस्टर त्याच खोलीत बसून काम करतात, त्यांना काहीच येत नाही, ते म्हणतात तुला भास होतो. खोलीला लागून एक जुनं बाथरूम आहे पण ते आम्ही वापरत नाही, सामान ठेवलंय त्यात. आता काय करू?

उत्तर : पहिली गोष्ट, तुम्हाला भास होत नाहीये. सारखा येणारा वास आपलं नाक काही मिनिटांतच नोंदवायचं बंद करतं. मिस्टर दिवसभर तिथेच बसतात म्हणजे त्यांचं नाक त्या वासाला सरावलंय, त्यांचीही चूक नाही. त्यांना पंधरा-वीस मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत फिरून यायला सांगा आणि मग त्या खोलीत शिरताना पहिल्या श्वासाला काय वाटतं ते विचारा. वास शोधताना तुम्हीसुद्धा हेच करा, कारण खोलीत उभं राहून नुसतं हुंगत बसलं की थोड्या वेळाने नाक काहीच सांगत नाही. आणि तो रूम फ्रेशनर आता पूर्ण बंद. त्याने वास जात नाही, फक्त माग लागेनासा होतो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात कामाचं वाटलं ते म्हणजे वास कधी येतो हे तुम्ही लिहिलंय. जुन्या घरात वास जिथे जाणवतो तिथेच उगम असेल असं नसतं, हवा फटीफटीतून, पाइपांच्या कडेने, फॉल्स सीलिंगच्या वरून कुठूनही फिरून येते, त्यामुळे जागेच्या मागे लागण्याआधी वेळ धरायची. मेलेल्या उंदराचा वास वाढत जातो, काही आठवडे छळतो आणि मग ओसरतो, शिवाय खिडकीपाशी मोठ्या माश्या दिसायला लागतात. तो स्वयंपाकाची वेळ बघून येत नाही आणि महिनोन्महिने टिकतही नाही. म्हणून उंदीर सोडून द्या.

स्वयंपाकाच्या वेळी घरात वेगळं काय होतं? बहुतेक तुम्ही एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी लावत असणार. तो पंखा घरातली हवा बाहेर फेकतो आणि तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते. खिडक्या लावलेल्या असतील तर ती वाट मिळेल तिथून येते, आणि माझा दाट संशय तुमच्या त्या बंद बाथरूमवर आहे. तिथल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं आणि ते पाणीच ड्रेनेजचा गॅस अडवतं. बाथरूम वापरलं नाही की ते पाणी हळूहळू उडून जातं आणि ड्रेनेजची लाइन सरळ घरात उघडी पडते. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, तो हवेत अगदी नगण्य असला तरी आपल्या नाकाला कळतो. घर बंद राहिलं की तो साठतो, म्हणून गावाहून आल्यावर तो भपकारा.

अंदाजावर थांबू नका, खात्री करा. सामान बाहेर काढा, जाळी उचला आणि आत टॉर्च मारा. पाणी असेल तर उजेड चमकून परत येतो. नसेल तर तळाशी सुकलेला गाळ, केसांचा गुंता आणि पाणी पूर्वी जिथवर असायचं तिथे एक पिवळट-तपकिरी कडा दिसेल. आता लगेच पाणी ओतू नका. आधी एक प्लास्टिकची पिशवी कापून जाळीवर पसरा, चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्की बंद करा (फरशी कोरडी हवी, नाहीतर टेप धरत नाही), घराच्या खिडक्या लावा, बाथरूमचं दार उघडं ठेवा आणि एक्झॉस्ट चालू करा. प्लास्टिक मधोमध फुगून वर आलं तर खालून हवा येतेय हे डोळ्यांनी दिसेल. तसंच टेप लावून एक-दोन संध्याकाळी बघा, वास थांबला तर चोर सापडला. मग टेप काढून बादलीभर पाणी ओता आणि वरून थोडं मिनरल ऑइल (लिक्विड पॅराफिन) सोडा, त्याचा थर पाणी लवकर उडू देत नाही. खाण्याचं तेल नको, ते खवट होऊन स्वतःच वास मारतं. दर पंधरवड्याला तांब्याभर पाणी टाकत राहिलं की बास.

पाणी ओतूनही ते दोन-तीन दिवसांत गायब होत असेल तर एकतर ट्रॅपला तडा आहे नाहीतर वरची व्हेंट पाइप (ड्रेनेजच्या लाइनमध्ये हवा खेळती राहावी म्हणून छतापर्यंत नेलेली) पालापाचोळ्याने किंवा घरट्याने तुंबलीये आणि दुसरीकडे फ्लश केला की इथलं पाणी ओढलं जातंय. फ्लशच्या वेळी जाळीतून गुडगुड आवाज येतो का ऐका. हे मात्र प्लंबरचं काम. त्याला सांगून अजून एक गोष्ट बघून घ्या, जुन्या घरात कधीकाळी काढून टाकलेल्या बेसिनची पाइप भिंतीत तशीच उघडी राहिलेली असते आणि तिच्यापुढे कपाट लागलेलं असतं, वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही!

ओल्या फडक्यासारखा वास तरीही राहिला तर भिंत तपासा. प्लास्टिकचा एक चौकोन संशयित जागी सगळीकडून टेप लावून दिवसभर ठेवा. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेतच दमटपणा जास्त आहे. दोन्हीचे उपाय अगदी वेगळे आहेत, त्यामुळे आधी हे कळल्याशिवाय रंगावर खर्च करू नका.

आणि दोन वास असे आहेत की तिथे शोधाशोध करत बसायचंच नाही. एक स्वयंपाकाच्या गॅसचा. स्विच चालू-बंद काहीही करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन करा. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, त्यामुळे उभ्याने वास कमी आला म्हणून निश्चिंत होऊ नका. दुसरा म्हणजे स्विचबोर्ड किंवा प्लगजवळ मासळीसारखा किंवा लघवीसारखा वास, तो बऱ्याचदा तापून जळायला लागलेल्या प्लास्टिकचा असतो. मेन स्विच बंद आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हो, आणि ड्रेनेजच्या चेंबरचं किंवा सेप्टिक टँकचं झाकण उघडून कुणी आत वाकायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर करतो, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं गेला गॅस. यात माणसं जीव गमावतात, म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

प्रश्न : आईच्या जुन्या लाकडी कपाटातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. कपडे सगळे धुतले, डांबराच्या गोळ्या ठेवल्या तरी जात नाही.

उत्तर : कपड्यांच्या खाली किंवा खणाच्या मागे जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह नाहीत ना ते बघा, डब्यात नाहीतर पाकिटात. सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म जुनी होऊन खराब व्हायला लागली की त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरचाच वास. फिल्म आकसलेली, वाकडी झालेली दिसेल. ती वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मही बिघडवते, म्हणून आंबट वासाच्या लगेच वेगळ्या करा आणि आधी त्या स्कॅन करून घ्या, हे थांबवता येत नाही, फक्त थंड कोरड्या जागी ठेवलं तर वेग कमी होतो. फेकू मात्र नका हो, आईचे फोटो आहेत ते.

प्रश्न : फक्त गरम पाण्याचा नळ सोडला की घाण वास येतो, गार पाण्याला येत नाही. पाइप बदलायचे का?

उत्तर : थांबा, आधी ग्लासभर गरम पाणी घेऊन दुसऱ्या खोलीत जा आणि तिथे वास घ्या. तिथे आला नाही तर वास बेसिनच्या ड्रेनचा आहे, गरम पाणी पडलं की तिथला चिकट थर तापून वास सोडतो, तो ब्रशने साफ करा, ओव्हरफ्लोचं भोक विसरू नका. ग्लासातही आला तर गिझरची टाकी बघायला हवी. आत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजण्यापासून वाचवणारी कांडी, पाण्यात सल्फेट आणि ठरावीक बॅक्टेरिया असले की तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि पाणी बरेच दिवस कोमट राहिलं की जास्तच. मेकॅनिककडून टाकी धुऊन घ्या आणि ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड बसतो का विचारा. नुसता रॉड काढून टाकतो म्हणाला तर नाही म्हणा, टाकी गंजेल.