‘मी करतो/करते’ टाळता येईल का?

प्रश्न असा : विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी लिंगभाव भूमिका, सेल्फ-एस्टीम आणि कोपिंग (ताण आला की माणूस काय करतो ते) यांवरची प्रश्नावली मराठीत करायची आहे. ‘स्वाभिमान’ आणि ‘सामना’ चालतील का? आणि दर ओळीत ‘करतो/करते’ लिहायचं का?

‘स्वाभिमान’ नको. स्वाभिमानी माणूस म्हणजे कुणापुढे न वाकणारा. इथे स्वतःची किंमत स्वतःला किती वाटते ते मोजायचंय. ‘आत्मसन्मान’ घ्या. ‘सामना’त टाळाटाळ बसत नाही, पण तीही कोपिंगच; म्हणून ‘ताण हाताळण्याच्या पद्धती’.

खरी अडचण क्रियापदांची. अभ्यास लिंगभावाचा आणि प्रत्येक वाक्यात ‘तू मुलगा की मुलगी’ अशी आठवण, हे बरं नव्हे. मराठीत वाटा आहेत. ‘मी करू शकतो/शकते’ऐवजी ‘मला जमतं’. ‘पडतं घेणारा/घेणारी’ऐवजी ‘माझा स्वभाव पडतं घेण्याचा आहे’. समाधानी, यशस्वी, हुशार ही विशेषणं बदलत नाहीत. ताणाची विधानं भूतकाळात घातली तर सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं : ‘मी मित्रांचा सल्ला घेतला’, ‘मी विषय टाळला’. मात्र ‘झोपून राहिलो/राहिले’ अकर्मक आहे, आणि बोलणं, विसरणं, शिकणं हीसुद्धा कर्त्याप्रमाणेच बदलतात. तिथे ‘बराच वेळ झोपेत घालवला’ असं वळवा.

आत्मसन्मान मोजणाऱ्या रोझेनबर्ग यांच्या १९६५च्या मापिकेत १० विधानं आहेत, त्यांतली ५ उलटी, म्हणजे ‘पटतं’ म्हटलं की आत्मसन्मान कमी. ‘अभिमान वाटावा असं माझ्याकडे फारसं काही नाही’ याला ‘पटत नाही’ म्हणताना दोन नकार येतात आणि घाईत खूण चुकते. ‘अभिमान वाटावा असं माझ्याकडे कमीच आहे’ लिहा. पण विधान सुलटं करू नका. सगळ्यालाच ‘पटतं’ म्हणत सुटणाऱ्यांसाठी तर ही उलटी विधानं. गुण १ ते ४ दिले असतील तर उलट्यांचे ५ मधून वजा करायचे. हे राहिलं की बेरीज निरर्थक.

लिंगभाव भूमिका मोजणाऱ्या बेम यांच्या १९७४च्या सूचीतल्या ६० स्वभावगुणांचं भाषांतर त्याहून अवघड. ‘सोज्वळ’, ‘सालस’ आपण मुलींना चिकटवतो, ‘रांगडा’ मुलग्यांना. ‘जेंटल’ला ‘सोज्वळ’ केलंत तर मृदू स्वभावाचा मुलगाही स्वतःला कमी गुण देईल, ‘मृदू’च ठेवा. शिवाय कुठला स्वभावगुण पुरुषी आणि कुठला बायकी, हे तिथे अमेरिकन विद्यार्थ्यांच्या मतांवरून ठरलंय. तेव्हा आधी इथल्याच मुलामुलींकडून तपासून घ्या.