200 लिटरच्या खाऱ्या टाकीत कोणते मासे एकत्र नांदतील?

दोन क्लाउनफिश, एक ब्लू टँग, तीन डॅमसेल आणि एक लायनफिश 200 लिटरच्या पहिल्याच टाकीत चालतील का, असं तुम्ही विचारलंय. लायनफिश आधी खोडा. तो भांडखोर नाही, पण तोंडात मावेल तो मासा गिळतो; आज नाही मावला तर तो स्वतः वाढल्यावर मावतो. शिवाय त्याचे काटे विषारी, म्हणजे टाकीत हात घालताना दरवेळी त्याच्यावर एक डोळा.

ब्लू टँगही नको. दुकानात तो बोटाएवढा दिसतो, पण पुरा वाढला की 30 सेंटिमीटरच्या घरात जातो आणि दिवसभर पोहत असतो. तुमच्या टाकीत शेपटी दोनदा हलवली की समोर काच. कोंडलेल्या टँगला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चटकन धरतो आणि मग तो अख्ख्या टाकीत पसरतो.

डॅमसेलचं मी भोगलंय. काटक म्हणून निळा डॅमसेल मी सगळ्यात आधी सोडला. महिन्याभरात अर्धे दगड त्याच्या मालकीचे! नंतर आणलेल्या रॉयल ग्रामाला त्यानं कोपऱ्यात कोंबून शेपटी कुरतडली. शेवटी सगळे दगड उपसून त्याला पकडलं. अंगठ्याएवढा जीव, पण अख्खी दुपार खाल्ली.

तेव्हापासून मी माशांइतकंच त्यांच्या क्रमाकडे पाहतो. जो आधी येतो तो जागा बळकावतो, म्हणून भित्रे आधी, दांडगे शेवटी. आणि समुद्री माशांत भाऊबंदकी फार. ज्यांचा आकार, रंग किंवा खाणं सारखं, त्यांचंच जास्त जुंपतं. एका लहान टाकीत दोन ग्रामा ठेवूच नका.

क्लाउनफिशची मात्र जोडी जमते. ते सगळे नर म्हणूनच जन्मतात आणि जोडीतला वरचढ पुढे मादी होतो. त्यामुळे दोन लहान किंवा एक मोठा-एक लहान घ्या; दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर एक मरेपर्यंत मार खाते. ऑसेलारिस जातीचे घ्या, मरून क्लाउन फार तापट. त्यांना अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, दंश करणारा समुद्री प्राणी, ज्यात ते निसर्गात राहतात) लागतोच असं नाही. उलट अ‍ॅनिमोनलाच तीव्र प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते.

तुमच्या जागी मी आधी फायरफिश सोडेन, मग वॉचमन गोबी आणि त्याच्यासोबत पिस्टल झिंगा, मग ग्रामा आणि शेवटी क्लाउनची जोडी. पाच मासे पुरे. गोबी-झिंग्याचा संसार तर तासन् तास बघावा. झिंग्याला जेमतेम दिसतं, तो बीळ खणतो; गोबी दारात पहारा देतो आणि झिंगा आपली मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवतो. गोबी थरथरला की दोघेही आत.

मँडरिन माशाच्या रंगांना भुलू नका. तो बहुतेक जिवंत कोपेपॉड (टाचणीच्या टोकाएवढे झिंग्याचे भाऊबंद) टिपूनच जगतो आणि नव्या टाकीत ते नसतात, त्यामुळे उपाशी मरतो.

पाण्यातली अमोनिया आणि नायट्राइट ही घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं शून्यावर आल्याशिवाय एकही मासा सोडू नका. नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. आणि फायरफिश आणण्याआधी वर बारीक जाळी बसवा, तो घाबरला की उडी मारतो. माझा पहिला मला दुसऱ्या दिवशी कपाटाखाली सापडला, वाळलेला.