पहिला बहिर्गोल आरसा घेताय? मग एवढं बघा

भिंतीवर लावायचे बहिर्गोल, म्हणजे पुढे फुगीर काचेचे, आरसे जमवायचा छंद छान निवडलात. सुरुवातीला आरशापेक्षा जागा आधी ठरवा. हा आरसा तोंड बघायचा नव्हे. समोरची अख्खी खोली त्यात मावते. म्हणून खिडकीसमोर किंवा सोप्यातल्या अंधाऱ्या भिंतीवर लावा, उजेड खेळेल. समोर पसारा असेल तर तोही दिसेल!

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- डाग दिसले की काचेला नवा पारा चढवून घेणं. कृपा करून नको. जुनेपण त्या डागांतच असतं, आणि किंमतही. जुन्या काचेमागे कथील-पाऱ्याचा थर असू शकतो. तो घरी खरवडू नका, पारा विषारी.
- सोनेरी चौकट ओल्या फडक्यानं पुसणं. वर्ख निघून येतो. मऊ कोरडा ब्रश पुरे.
- खानापूर-बेळगावच्या पावसात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगणं. मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळू द्या.

गरुड कोरलेली चौकट दिसली म्हणून १८०० च्या सुमाराची इंग्लिश समजू नका, नकला भरपूर आहेत. पहिला आरसा नवाच घ्या, साधा, फूटभर व्यासाचा. खिळ्याऐवजी प्लग ठोकून स्क्रू लावा. जुन्याची पारख पुढे बघू.