माशांचा हिशेब आणि बोटींचाही

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मासेमारीचे नियम ठरवताना परिसंस्था आणि अर्थशास्त्र एकत्र धरणारी मॉडेल्स वापरतात, असं वाचलं. त्यासाठी पुढे अर्थशास्त्र घेऊ की मत्स्यविज्ञान? गणित सुटून दोन वर्षं झाली, अडेल का?

उत्तर : अडेल, पण भरून काढता येईल. शाखा निवडण्याआधी हे काम तुला आवडतंय का ते एक्सेलमध्ये तपासून बघ.

एका साठ्याची, म्हणजे समुद्रातल्या एका जातीच्या माशांच्या एकूण वजनाची, कमाल मर्यादा १००० टन धर. वर्षाची वाढ = ०.४ × साठा × (१ − साठा/१०००). एक बोट एका दिवसात साठ्याचा हजारावा भाग पकडते. टनाला भाव १०० एकक, बोटीचा दिवसाचा खर्च ३०.

साठा ५०० टनांवर राखला तर वर्षाला १०० टन मिळतात. याहून जास्त कायम मिळू शकत नाही. त्यासाठी २०० बोट-दिवस (एक बोट एक दिवस चालली की एक बोट-दिवस) लागतात आणि नफा ४००० होतो. १४० बोट-दिवसांवर थांबलं तर पकड ९१ टनच, पण नफा ४९०० आणि पाण्यात ६५० टन मासे शिल्लक. कुणालाच अटकाव नसेल, तर नफा संपेपर्यंत बोटी येत राहतात : २८० बोट-दिवस, साठा ३०० टन, पकड ८४ टन, नफा शून्य. कॅनडाचे अर्थतज्ज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मांडलं ते हेच.

आता इंधनाला अनुदान देऊन खर्च २० कर. बोट-दिवस ३२० होतात, साठा २०० वर येतो आणि पकड ६४ टनांवर घसरते. नफा पुन्हा शून्यच! मदत म्हणून दिलेल्या पैशानं मासे कमी झाले, हे नुसत्या जीवशास्त्रातून दिसत नाही आणि नुसत्या ताळेबंदातूनही नाही. हे आकडे स्वतः काढताना मजा आली, तर हे क्षेत्र तुझं.

खऱ्या कामात मात्र वाढीचा दर कुणी हातात देत नाही. तो पकडीच्या नोंदींतून काढावा लागतो, आणि घोळ तिथेच होतो. नोंदींमध्ये बोटी वाढतायत आणि दर बोटीमागे पकड घटतेय, एवढंच दिसत असेल, तर ‘मोठा साठा, मंद वाढ’ आणि ‘लहान साठा, वेगवान वाढ’ ही दोन्ही उत्तरं जवळपास सारखीच बसतात. थव्यानं राहणाऱ्या माशांचं दुखणं वेगळंच. साठा आटला तरी उरलेले मासे एकत्र गोळा होतात, त्यामुळे बोटीमागची पकड बराच काळ टिकून दिसते. कॅनडातल्या न्यूफाउंडलँडच्या कॉड माशाबाबत अशी फसगत झाली. तिथली मासेमारी १९९२ मध्ये बंद करावी लागली. शिवाय बोटींवर नवी यंत्रं येतात, तेव्हा आजचा बोट-दिवस वीस वर्षांपूर्वीच्या बोट-दिवसाइतका उरत नाही.

अनेक प्रजाती एकत्र धरायच्या तर ‘इकोपाथ विथ इकोसिम’सारखी संगणक-साधनं आहेत. त्यांना कोण कुणाला किती खातं याचा तक्ता लागतो. तो माशांची पोटं तपासून भरतात, म्हणजे तुझं प्राणिशास्त्र इथे उपयोगी पडेल. अशी मॉडेल्स धोरणाची दिशा पारखायला चांगली, यंदाचा कोटा ठरवायला सहसा नाहीत.

आता अभ्यास. आधी कॅल्क्युलस : अवकलन आणि साधी अवकल समीकरणं. मग संख्याशास्त्र, त्यात रिग्रेशन (नोंदींवर समीकरण बसवणं) आणि लाइकलीहुड (एखादं उत्तर नोंदींशी किती जुळतं याचं माप) पक्कं हवं. आर ही संगणकभाषा शिक. सूक्ष्म अर्थशास्त्राचा एक पेपर सुरुवातीला पुरतो. माझा कल विचारशील तर साठा-मूल्यमापन (नोंदींवरून साठा किती आणि कसा वाढतो ते काढणं) शिकवणारं मत्स्यविज्ञान घे आणि अर्थशास्त्र वरून जोड. अर्थशास्त्रातून आलेल्यांना नोंदी कशा गोळा होतात हे शिकायला वेळ लागतो. एक मात्र बघ : बरेच मत्स्यविज्ञान अभ्यासक्रम मुख्यतः मत्स्यपालनाचे असतात. प्रवेशापूर्वी विषयांची यादी मागव, आणि त्यात साठा-मूल्यमापन नसेल तर तिथे जाऊ नकोस.