घड्याळ राहू द्या, स्नॅप मोजा

प्रश्न : मुलगा अमेरिकेत शिकायला गेल्यापासून मलाही शनिवारी कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल बघायचा नाद लागला आहे. समालोचक सारखे म्हणतात, 'यांचा डिफेन्स (बचाव करणारी फळी) फार वेळ मैदानावर आहे, चौथ्या क्वार्टरमध्ये दमणार.' एखाद्या संघाने 60 पैकी 36 मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवला, तर समोरचा डिफेन्स खरंच इतका दमतो का? – एक वाचक

उत्तर : दमतो, पण किती दमला ते त्या 36 मिनिटांवरून कळत नाही. स्नॅप म्हणजे चेंडू मागे देऊन प्ले, म्हणजे एक चाल, सुरू करणं. असा एक प्ले जेमतेम पाच-सहा सेकंदांचा. बाकी वेळ घड्याळ पळत असतं आणि खेळाडू उभे असतात. हडल करून (घोळका करून चाल ठरवून) प्ले-क्लॉकचे, म्हणजे पुढच्या स्नॅपसाठी मिळणारे, 40 सेकंद पुरेपूर वापरणारा ऑफेन्स (चेंडू घेऊन खेळणारी फळी) पाच मिनिटांत साधारण सात प्ले खेळतो. तेवढ्याच वेळात नो-हडलवाले चौदा-पंधरा उरकतात. मिनिटं तीच, धडका दुप्पट!

विद्यार्थी असताना मी एका कॉलेज संघासोबत पाण्याच्या बाटल्या आणि टेप घेऊन साइडलाइनवर असायचो. आधी दमतात ते डिफेन्सच्या पुढच्या रांगेत मधोमध उभे असणारे डिफेन्सिव्ह टॅकल, 130-140 किलोचे गडी. माउथगार्ड ओठाबाहेर लोंबतो, हात गुडघ्यावर जातात. मग स्नॅपनंतर गडी वाकून घुसण्याऐवजी सरळ उभा राहतो, आणि उभ्या माणसाला ढकलणं सोपं. अशा झटापटीत स्नायूंमधलं क्रिएटिन फॉस्फेट (झटक्याच्या ताकदीचं इंधन) झपाट्याने खर्च होतं. ते निम्मं भरून यायलाच साधारण अर्धा मिनिट लागतं. पंधरा सेकंदांत पुढचा स्नॅप आला की संपलंच.

बदली खेळाडू पाठवावा, तर तिथेही मेख आहे. ऑफेन्सने माणसं बदलली, तरच पंच डिफेन्सला बदलायला वेळ देतात. तेच अकरा ठेवून घाई केली की दमलेला टॅकल आत अडकतो. प्रशिक्षक चिप केलींच्या ओरेगन संघाने याचा पुरेपूर फायदा उठवला. यावर उपाय म्हणून 2014 मध्ये प्ले-क्लॉकचे पहिले 10 सेकंद स्नॅप करू नये असा प्रस्ताव आला, पण ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. माझ्या मते बरंच झालं.

संथ खेळूनही दमवता येतं म्हणा. 2018 मध्ये आर्मीने (अमेरिकेच्या लष्करी अकादमीचा संघ) ओक्लाहोमाविरुद्ध जवळपास 45 मिनिटं चेंडू सोडला नाही. ऑप्शनवर (चेंडू घेऊन कोण धावणार हे ऐनवेळी ठरवण्याच्या चालीवर) धावत 87 प्ले काढले. ओक्लाहोमाच्या वाट्याला 40 आले. त्यांचा लाइनबॅकर (दुसऱ्या रांगेतला बचावपटू) केनेथ मरे याच्या नावावर त्या दिवशी 28 टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणं, लागले! तरीही ओक्लाहोमा ओव्हरटाइममध्ये 28-21 ने जिंकलं. आणि तो डिफेन्स इतका वेळ मैदानावर होता, कारण थर्ड डाउनला (10 यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) त्याला आर्मीला रोखताच येत नव्हतं. समालोचक हे विसरतात. बऱ्याचदा आधी डिफेन्स फसतो आणि मग मिनिटं वाढतात. त्यात स्वतःच्या ऑफेन्सने तीन प्लेमध्ये पंट केला (चेंडू लाथाडून समोरच्यांना दिला), की बाकावर टेकलेल्यांना लगेच हेल्मेट चढवावं लागतं.

2023 पासून फर्स्ट डाउननंतर, म्हणजे 10 यार्ड पुरे करून नवे चार प्रयत्न मिळवल्यावर, घड्याळ थांबत नाही (दोन्ही हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून). त्यामुळे जुन्या सामन्यांतल्या मिनिटांशी आजची मिनिटं ताडून पाहण्यातही फारसा अर्थ नाही. तुम्ही तिसऱ्या क्वार्टरअखेर डिफेन्सने किती स्नॅप खेळले ते बघा. साठच्या वर गेले असतील आणि टॅकल करताना खांद्याऐवजी नुसते हात पुढे येत असतील, तर समालोचकांचं म्हणणं खरं समजा.