वाचक विचारतात : तनाकाचे २४-० आणि त्याचं कोपर

प्रश्न : जपानच्या मासाहिरो तनाकाने २०१३ मध्ये २४ सामने जिंकले आणि एकही हरला नाही, असं वाचलं. बेसबॉल संघाचा खेळ असताना विजय एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर कसा लागतो?

उत्तर : सुरुवात करणाऱ्या पिचरने निदान ५ इनिंग (सामन्यात बहुधा ९ असतात) टाकायच्या, तो बाहेर पडताना संघ आघाडीवर हवा आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. तिन्ही जुळलं तर विजय त्याच्या खात्यात. मागाहून आलेल्या पिचरने आघाडी घालवली, तर याच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणजे २४-० मध्ये राकुतेनच्या (सेंडाई शहरातला त्याचा संघ) फलंदाजांचाही हात आहेच. पिचरची खरी पारख करायची तर त्या हंगामातली त्याची १.२७ ही सरासरी बघावी : क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या धावा सोडल्या, तर दर ९ इनिंगमागे एवढ्याच. तीसुद्धा २१२ इनिंग टाकून!

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. जपानी लीगमध्ये सोमवारी बहुधा सुट्टी असते आणि संघ ६ पिचर आलटून पालटून वापरतात, त्यामुळे पिचरची पाळी आठवड्यातून एकदाच येते. अमेरिकेत ती साधारण दर पाचव्या दिवशी. जपानमध्ये विश्रांती जास्त मिळते, पण एका सामन्यात चेंडूही जास्त टाकून घेतात. त्याच वर्षीच्या जपान सीरिजचा (विजेतेपदाची अंतिम मालिका) सहावा सामना घ्या : योमिउरी जायंट्सविरुद्ध तनाकाने १६० चेंडू टाकले आणि तो हरला (नियमित हंगामाबाहेरचा सामना, म्हणून २४-० ला धक्का नाही). दुसऱ्या दिवशी सातव्या सामन्यात, ३-० अशी आघाडी असताना, नवव्या इनिंगला त्यालाच पुन्हा उभं केलं. आणखी १५ चेंडू, आणि राकुतेनचं पहिलं विजेतेपद. सेंडाईच्या प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतलं. आमच्या मते हा निर्णय भावनेचा होता, शहाणपणाचा नव्हे.

प्रश्न : त्याचा स्प्लिटर म्हणजे नेमकं काय? कसा टाकतात?

उत्तर : तर्जनी आणि मधलं बोट फाकवून चेंडूच्या दोन्ही बाजूंना शिवणीच्या बाहेर ठेवायची, अंगठा खाली. मनगट घट्ट. हात मात्र फास्टबॉलच्याच वेगाने फिरवायचा. बोटं चेंडूच्या मागे नसल्याने त्याला उलटी फिरकी कमी मिळते, म्हणून हवेत वर धरून ठेवणारा जोर घटतो आणि फलंदाजाजवळ चेंडू खाली बसतो. क्रिकेटमध्ये बोटं फाकवून टाकलेला स्लोअर बॉल ज्यांनी पाहिलाय त्यांना चटकन कळेल. फरक इतकाच की इथे टप्पा नाही, सगळी करामत हवेत.

चुका ठरलेल्या आहेत. बोटं पुरेशी फाकली नाहीत तर फिरकी वाढते, चेंडू पडत नाही, कमरेच्या उंचीला लटकतो आणि थेट स्टँडमध्ये जातो. हात मंदावला तर फलंदाज ओळखतो. फार खाली गेला तर जमिनीवर आपटतो, आणि तिसऱ्या बेसवर धावपटू असेल तर कॅचरची (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) कसोटी लागते. २०१७ मध्ये यांकीज या अमेरिकी संघाकडून खेळताना तनाकाला ३५ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) बसले. स्प्लिटरवर जगणाऱ्या पिचरचा चेंडू जरा वर राहिला की असे आकडे येतात. शिवाय अमेरिकी चेंडू जपानीपेक्षा निसरडा असतो; त्याला चिखल चोळून खडबडीत करतात, तरी हातात बसायला वेळ लागतो.

प्रश्न : कोपराचा अस्थिबंध फाटूनही त्याने शस्त्रक्रिया का केली नाही?

उत्तर : जुलै २०१४ मध्ये सापडलेली चीर अर्धवट आणि लहान होती. पूर्ण फाटला असता तर टॉमी जॉन शस्त्रक्रियेशिवाय पर्याय नव्हता : बहुधा मनगटातला स्नायूबंध काढून कोपरात बसवतात, आणि पुन्हा सामन्यात उतरायला वर्ष ते दीड वर्ष जातं. तज्ज्ञांनी विश्रांती आणि प्लेटलेटचं इंजेक्शन सुचवलं. त्यात रुग्णाचंच रक्त घुसळून प्लेटलेटयुक्त भाग वेगळा काढतात आणि जखमेत सोडतात. सप्टेंबरमध्ये तो परतला आणि २०२० पर्यंत त्याच कोपरावर खेळला : यांकीजसाठी ७८ विजय, ४६ पराभव. मात्र हा उपाय मोठ्या चिरेला लागू पडत नाही, तेव्हा आपल्या कोपराचा निर्णय त्याचं उदाहरण पाहून घेऊ नका.

प्रश्न : त्याच्या बदल्यात राकुतेनला काय मिळालं?

उत्तर : २ कोटी डॉलर. जपानी खेळाडू घेण्यासाठी त्याच्या क्लबला पैसे द्यावे लागतात, आणि आधी त्यासाठी अमेरिकी क्लबांची गुप्त बोली चाले. दारविश या जपानच्याच पिचरसाठी टेक्सासच्या संघाने ५ कोटींहून जास्त मोजले होते. तनाकाच्या वेळी नुकतीच २ कोटींची मर्यादा आली होती. यांकीजशी त्याचा करार ७ वर्षांसाठी १५.५ कोटींचा झाला. मर्यादा क्लबच्या पैशावर होती, खेळाडूच्या नव्हे, म्हणून फायदा तनाकाचा झाला आणि नुकसान राकुतेनचं.

प्रश्न : २०० विजयांना एवढं महत्त्व का?

उत्तर : मेइक्युकाई या मानाच्या मंडळात जायला पिचरला २०० विजय किंवा २५० सेव्ह (शेवटी येऊन संघाची आघाडी राखणं) लागतात, आणि जपानमध्ये कारकीर्द सुरू केलेल्याचे अमेरिकेतले विजयही धरतात. अमेरिकेतून राकुतेनकडे परतलेला तनाका २०२३ अखेर १९७ वर होता. त्यानंतर कोपर साफ करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ मध्ये तो राकुतेनच्या मुख्य संघाकडून एकच सामना खेळला, तोही हरला. पुढे राकुतेन सोडून तो योमिउरीकडे गेला आणि उरलेले ३ विजय त्याने २०२५ मध्ये मिळवले.